हाताला लागेल तिथे

४ नोव्हेंबर
परत तेच! इंजिनाचा पट्टा सैल झाला आणि ह्यांना पाना सापडेना. चिडून अख्खी पेटी उपडी केली. नट, वायसर, फ्यूज — सगळं बोटीच्या तळाशी तेलकट पाण्यात. पाना ह्यांच्या गुडघ्याशेजारीच पडला होता. हात त्याच्या कडेने गेला, परत गेला. मी उचलून हातात दिला.
"किती अंधार आहे इथे!" म्हणाले.
वरचं झाकण सताड उघडं होतं. चांगलं लख्ख ऊन आत आलेलं.

५ नोव्हेंबर
ह्यांनी बाजारातून जास्त उजेडाचा बल्ब आणून इंजिनावर लावला.

७ नोव्हेंबर
ओढूनच नेलं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, ते परत यायचं नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं.
"बोट चालवता?"
"चालवतो की."
"आता नाही चालवायची."
घरी आलो. चपला काढताना म्हणाले, "त्या बाईला बोटीतलं काय कळतं?"
"डोळ्यांतलं कळतं," मी म्हटलं. जेवले नाहीत.

९ नोव्हेंबर
बोट धक्क्याला बांधलेली. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना भाजीपाला नि पिण्याचं पाणी पोचवणं हे आमचं काम. तूर्त शेजारचा बोटवाला आमचं सामान नेतोय. किती दिवस नेईल?
लेकीचा फोन. "आई, विकून टाका ना. बाबांनी आता आराम करावा."
आराम! सुट्टीच्या दिवशी ज्याचं अंग दुखतं, त्याने आराम करायचा!
मी ठरवलं — निदान हत्यारं तरी लावून टाकू. बोट ठेवायची झाली तरी नीट, विकायची झाली तरी नीट.

१२ नोव्हेंबर
घरातल्या रिकाम्या बरण्या नेल्या. नट वेगळे, बोल्ट वेगळे, रबरी रिंगा वेगळ्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. सुताराने फळ्या ठोकून दिल्या. "वहिनी, बोटीत स्वयंपाकघर थाटताय काय?" म्हणाला. फळीला पुढून पट्टी मारून घ्या, असंही सांगत होता. मी म्हटलं, राहू दे, दिसायला छान नाही.

१३ नोव्हेंबर
एक मोठं जहाज धक्क्याजवळून गेलं. लाट आली, आणि माझ्या सगळ्या बरण्या खाली! दिसायला छान!
आणि हे हसले. डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदा. "तुझं दुकान उठलं," म्हणाले. मग स्वतःच खाली बसले. एकेक तुकडा चिमटीत धरून फिरवायचे — "हा पितळी. हा स्टीलचा. हा रबरी — चिरलाय, फेक." बघत नव्हतेच. मी बघत होते.
सुताराला बोलावून पट्ट्या मारून घेतल्या. तो काही बोलला नाही. भला माणूस.

१६ नोव्हेंबर
चिठ्ठ्या सगळ्या काढल्या. "वाचत बसू का मी?" काचेच्या बरण्या घरी गेल्या, त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे डबे आले. झाकणांवर कानशीने खाचा — नटांना एक, बोल्टांना दोन. पाने हुकांवर, लहानापासून मोठ्यापर्यंत, तेलाच्या फडक्याने पुसून. नाहीतर खारी हवा गंज चढवते.
मग डोळे मिटून उभे राहिले. "सांग."
"पक्कड!" आली.
"कानस!" आली.
"मोठा स्क्रू ड्रायव्हर!" हात रिकामा राहिला. मी पुसून भलत्याच हुकाला अडकवला होता.
"अगं, मांडायचं तर जागेवर मांड!" केवढ्याने ओरडले! मग हळूच — "तुला नाही बोललो."
माहीत आहे मला, कुणाला बोलले ते.

१८ नोव्हेंबर
लेक आज म्हणाली, "आई, बोट चालवायचा परवाना तुझ्याकडेही आहे ना?"
आहे. ह्यांनीच शिकवलं, ह्यांनीच परीक्षेला बसवलं. पण मी कधी 'द्या' म्हटलं नाही, ह्यांनी कधी 'घे' म्हटलं नाही. सुकाणूवर हे, दोरांवर मी — संसारच तसा मांडलेला. आता ह्यांचे डोळे गेले म्हणून मी तिथे जाऊन बसू? माझ्याने नाही होणार. बोट विकलेली परवडली.

२० नोव्हेंबर
डिझेलचा फिल्टर बदलला. एकट्याने. मला वरच उभं केलं होतं. खालून नुसते आवाज — झाकण, हूक, पाना, पुन्हा हूक. एकदाही "अगं, कुठे आहे?" नाही. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं! वर आले ते कोपरापर्यंत काळे आणि शीळ घालत.
संध्याकाळी शेजारचा बोटवाला आला. "काका, उद्यापासून मला नाही जमणार." हे म्हणाले, "बरं." एवढंच.

२१ नोव्हेंबर
सकाळी माल चढला. हे सुकाणूपाशी जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले. चहा संपवून हे उठले, म्हणाले, "धर."
मला वाटलं, कप.
"कप नव्हे गं," म्हणाले, माझा हात सुकाणूवर ठेवला आणि इंजिनापाशी खाली उतरले.