मुठीचा रंग

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायला बसले की आधी आखातातलं, देऱ्यातलं आपलं स्वयंपाकघरच आठवतं. बाजारामागच्या दुकानात तुम्ही काठ्यांच्या आणि सुऱ्यांच्या मुठी करायचात, हरणांच्या गळून पडलेल्या शिंगांच्या. नवी मूठ पांढरट दिसायची आणि गिऱ्हाइकाला हवी असायची जुन्यासारखी तपकिरी. तुम्ही ती घरी आणून चहाच्या काढ्यात उकळायचात, रंग डागाडागांनी बसायचा, आणि मग सगळं घर तुमच्या चिडचिडीखाली. बारावी होऊन मी घरीच होते, म्हणून एक वाया गेलेला तुकडा घेऊन बसले. शिंगाला तेलकटपणा असतो, तो आधी साबणाच्या कोमट पाण्यानं काढावा लागतो, हे माझ्या लक्षात आलं. मग पॉलिशपेपरनं वरचा गुळगुळीत थर उतरवायचा आणि परमँगनेटचं जांभळं पाणी ब्रशनं लावायचं. ते डोळ्यांदेखत तपकिरी होतं. सुकल्यावर उंचवटे घासले की रंग फक्त खाचांत गडद राहतो. पिढ्यान् पिढ्या कुणी हातात धरल्यासारखी मूठ दिसते. माझी बोटं कायम काळपट असायची. अम्मी म्हणायची, असल्या हातांना कोण मागणी घालणार.

एका दुपारी मी तुमचा डबा घेऊन दुकानात येते. एक म्हातारा अरब मूठ उजेडात फिरवून बघतोय. हा रंग कुणी दिला, असं तो विचारतो. तुम्ही भाईच्या खांद्यावर हात ठेवता आणि म्हणता, "वलदी." माझा मुलगा. भाईनं कधी ब्रशसुद्धा धुतला नव्हता. तो मान खाली घालून हसतो. मी डबा काउंटरवर ठेवून निघते. रात्री तुम्ही घरी आल्यावर मी विचारलं, तेव्हा तुम्ही ताटातून वर न बघता म्हणालात, "दुकान त्याचं आहे. तू काय, आज आहेस, उद्या सासरी." त्यानंतरही मी रंगवत राहिले. रागानं रंगवायची, आणि रंग आणखीच चांगला बसायचा.

लग्न होऊन मी रास अल खैम्याला आले, नवरा सिरॅमिकच्या कारखान्यात. देऱ्याहून टॅक्सीचा तो केवढासा रस्ता, पण तुम्ही एकदाही आला नाहीत. फोन मात्र केलात. मुठी पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, असं गिऱ्हाइकं म्हणायला लागली होती. "ते पाणी किती दाट करायचीस?" एवढंच विचारलंत, आणि मी बोलायला लागताच "थांब, भाईला सांग," म्हणून रिसीव्हर त्याच्याकडे दिलात. माझे तेव्हा नऊ महिने भरत आले होते. तुम्हाला ते ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. भाईनं मुठी बंद करून दुकानात मोबाइलची कव्हरं लावली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते. त्या फोनच्या दिवशी भाईला मी सगळं फार सावकाश सांगितलं, सांगितलेलंच पुन्हा सांगितलं. तुम्ही परत फोनवर याल असं वाटत होतं.