महेश चषक, पर्व पहिले

३ जानेवारी
प्राचार्यांनी स्मरणिकेसाठी महेश चषक सामन्याचा इतिहास मागितलाय. "एक पान, सर. जास्त नको."
याच कॉलेजात शिकताना महेश आमच्या फुटबॉल संघाचा लेफ्ट विंग, मी गोलकीपर. सराव आटोपून कशेळ्याला घरी जाताना त्याची जीप उलटली, तो गेला. खोपोली कॉलेजची पोरं आपणहून आली, म्हणाली, त्याच्या नावानं एक सामना खेळू. एकच खेळायचा होता. पण पुढच्या वर्षीही जमलो, मग दरवर्षी. महेशची आई चेंडू मैदानाच्या मधोमध ठेवते, मग शिट्टी. एकदा चेंडूच फुटला. बाजारातून दुसरा येईपर्यंत एक माणूस उठला नाही.
पान भरलं. अजून कितीतरी...

६ जाने.
इतिहास नको म्हणे आता. खालापूरकडचा एक रिसॉर्टवाला सगळा खर्च करतोय. जर्सी, मांडव, डीजे. चषकाला रिसॉर्टचं नाव.
म्हटलं, महेशचं नाव खाली बारीक तरी राहू द्या.
"सामना टिकतोय ना, सर? नाहीतर यंदा मैदान कोण करून देणार होतं?"
मी निघताना प्राचार्य म्हणाले, "त्याच्या आईंना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतात त्या."

८ जाने.
कशेळ्याला गेलो. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या.
"सर झालास तरी वाळलेलाच रं तू. बस."
चहा. सामन्याला नेसायची साडी दाखवली, हिरवी. "गुडघं लय दुखतान. पन चेंडू ठेवाया वाकता येतंय अजून."
सांगायचं ते ओठावर आलं होतं. साडी छान आहे म्हणालो आणि उठलो.

१० जाने.
बायको म्हणते, फोन करून सांगून टाका. फोनवर कसं सांगू? दोनदा नंबर काढला.

११ जाने. सामना.
मैदानभर एकच बॅनर. रिसॉर्टचं नाव, मालकाचा फोटो, खाली 'पर्व पहिले'.
काकू शेजारणीबरोबर एसटीनं आल्या. पुढच्या खुर्चीत बसवलं. कुणीतरी येऊन मागे बसायला सांगितलं, ती पाहुण्यांची रांग. मी प्राचार्यांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये.
चेंडू मधोमध आला तेव्हा काकू उठायला लागल्या. तोवर मालकानं लाथ मारलीसुद्धा. फोटो. टाळ्या. काकू पदर सावरून खाली बसल्या.
"पर्व पैलं म्हंजी काय रं?"
"पहिलं वर्ष, काकू."
आपण जिंकलो. पोरं नाचली. त्यांच्यावर तरी कसा रागावू? कॅप्टननं विचारलं, "सर, त्या आजी कुणाच्या?"
सांगायला लागलो. डीजे एवढा की त्याला काहीच ऐकू गेलं नाही. हसून मान हलवली आणि पळाला.

१३ जाने.
प्राचार्यांकडे गेलो. पुढच्या वर्षी तरी नाव... "करार झालाय, सर." आणखी किती वर्षांचा, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१५ जाने.
दुपारी काकूंचा फोन. आधी संक्रांतीचं बोलल्या, माझ्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाल्या,
"येक इचारू? रागवू नको."
"विचारा ना."
"महेशचं नाव काडलंत. त्याचं कायी वंगाळ कळलं का रं तुमाला? लपवू नको. मी आय हाय त्याची."
"नाही हो काकू! त्याचं काहीच नाही."
"मंग?"
मी फोन कानाला धरून उभा. त्याही तिकडे तशाच. ठेवला नाही त्यांनी.