मंगरूची फ्लॉपी

१४ नोव्हेंबर १९८८, तुमसर

नोकरीवर रुजू झालो! पवनीहून पहाटेच्या एसटीने निघालो, भंडाऱ्याला गाडी बदलली आणि जेवणाच्या आत इथे पोचलो. गोपीचंदजींच्या राइस मिलमध्ये नवा कॉम्प्युटर आला आहे आणि तो चालवायला मी आलो आहे. नागपूरला जाऊन कोर्स केला तेव्हा बाबांनी किती नावं ठेवली होती. आज गोपीचंदजींनी पेढा माझ्या हातात न देता थेट तोंडात घातला आणि म्हणाले, इश्वरबाबू, आता हे तुमचंच घर समजा.

नव्या धानाचे दिवस आहेत. फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलगाड्या उभ्या आहेत. हवेत कोंडा एवढा की तोंड उघडलं की दाताखाली कचकच होते. ऑफिसात मात्र पडदे, पंखा, आणि चपला दाराबाहेर काढायच्या.

जुनं मशीन कुंताबाई चालवते. तिशीची असेल. तळ्यात मासे धरणाऱ्या घरातली, पण मॅट्रिक झालेली. टायपिस्ट म्हणून लागली, मग मालकांनीच तिला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. नवरा मंगरू गावच्या तळ्यात बुडून गेला, त्याला काही वर्षं झाली. तिच्या मशीनमध्ये काही साठून राहत नाही, सगळं फ्लॉप्यांवर. त्या सगळ्या फ्लॉप्या नव्या मशीनमध्ये उतरवायच्या आणि जुनं जसं वागत होतं तसंच नवंही वागेल असं करून द्यायचं, हे माझं पहिलं काम.

खोली ताराबाईंच्या घरामागे मिळाली. खिडकीला पेरूचं झाड टेकलं आहे. मजेत आहे.

१७ नोव्हेंबर

कुंताबाईचं मशीन सुरू केलं की दोनदा टुकटुक वाजतं आणि पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत मराठी उमटतं, ‘आली का कुंता?’ ती ‘आली जी’ असं टाइप करते तेव्हा पुढचं काम सुरू होतं. मला हसू आलं. हे असं कोणी बसवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, मीच. नव्यातही तेच पाहिजे म्हणाली. अक्षरांचा आकार, प्रिंटर डावीकडची अक्षरं खातो म्हणून सोडलेली जागा, सगळं आहे तसंच हवं.

तिच्या बोटांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे जुने वण आहेत. टाइप करताना मी तिकडेच बघत राहतो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिलं.

दुपारी मिल थांबते. सगळे कडुनिंबाखाली डबे सोडतात. ती ऑफिसातच बसते, दार लावून.

२३ नोव्हेंबर

बाजारातून तिच्यासाठी संत्री आणली. तिने घेतली, गोड हसली, आणि हमालांना वाटून टाकली.

दुपारी विसरलेली छत्री घ्यायला ऑफिसकडे गेलो. दार बंद होतं. आत ती हसत होती. माझ्याशी हसते तसं नाही. लाजून, तोंडावर पदर घेऊन एखादी हसते तसं. मग हलक्या आवाजात बोलणं सुरू झालं, मग पुन्हा हसू. मी छत्री न घेताच परतलो. टिकाराम मुकादमाला आडून विचारलं. तो म्हणाला, "कुंताकडं कोन जाते जी? कोनी नाही जात."

कोणीतरी जातं. संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर

धान, कोंडा, मजुरी, सगळं उतरवून झालं. शेवटी तिने पिशवीतून फडक्यात बांधलेली एक फ्लॉपी काढली. वर नाव नाही. म्हणाली, "हे बी जसंच्या तसं टाका बाबूजी. एक अक्षर नोको हालवू." मग मालकांनी बोलावलं म्हणून गेली.

मी उघडून पाहिली. कामाचं काहीच नव्हतं. रोजच्या गप्पा. तिने लिहायचं, आज वांगी रांधली, तळ्याला पाणी कमी आहे, निळं लुगडं नेसली आहे. त्याखाली दुसरी ओळ, अशुद्ध, अक्षरं गाळलेली. निळं तुले शोभते. पायाले तेल लाव. पानोपान असंच. म्हणजे ही बाई दुपारी नवऱ्याशी बोलते! दोन्हीकडून स्वतःच लिहिते आणि हसते.

दया यायला हवी होती. आला तो संताप. जिवंत माणूस समोर बसला आहे, तिच्यासाठी रोज घडी मोडून शर्ट घालतो आहे, आणि ही लाजते कोणासाठी? मेलेल्यासाठी.

शेवटची ओळ कालची होती. ‘नवा बाबू तुह्याकडं लय पाह्यते. त्याचे संत्रे नको खाऊ.’

मी ती फ्लॉपी उतरवली नाही. पुसली. मशीनने विचारलं, नक्की पुसायचं? मी हो म्हटलं. नव्या मशीनवर ‘आली का’ ऐवजी ‘या कुंताबाई’ असं बसवलं. माझ्याकडून.

५ डिसेंबर

जुनं मशीन गोंदियाच्या एका व्यापाऱ्याने नेलं. कुंताबाई नव्यापुढे बसली. सवयीने ‘आली जी’ लिहिलं. मशीनने चूक दाखवली. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा चूक. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, त्या फ्लॉपीला बुरशी लागली होती, काहीच वाचता आलं नाही.

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग तो कुठी जाईन?"

मग बराच वेळ माझ्या खुर्चीखाली बघत राहिली. मीही पाहिलं. पाणी साचलं होतं. छत कोरडं, माठ दुसऱ्या कोपऱ्यात. टिकारामने फडकं आणून पुसलं. गाळाचा वास आला.

११ डिसेंबर, रविवार

ताराबाई सकाळीच कुरकुरल्या, तुमच्या मित्राले म्हणा, पाय पुसून येत जा. कोण मित्र? रोज दुपारी येते ना, वल्ल्या पायानं, त्या म्हणाल्या. मी दुपारी मिलमध्ये असतो.

खोलीत ओल आहे. उशी दमट. बाजारातून आणलेल्या पुड्याची सुतळी हातात घेऊन बसलो होतो. भानावर आलो तेव्हा तिला बारीक बारीक गाठी मारलेल्या होत्या, एकसारख्या, जाळ्याच्या. मला कोणी जाळं विणायला शिकवलेलं नाही.

१९ डिसेंबर

आज तिने मला थांबवलं! दुपारी. दार लावलं आणि डबा माझ्यापुढे उघडला. आणि हसली. तेच हसू, पदर तोंडावर घेऊन. मला वाटलं, जिंकलो.

त्यापुढचं आठवत नाही. डबा उघडला तेव्हा कडुनिंबाखाली लोक जेवत होते. भानावर आलो तेव्हा मिल सुरू होती आणि उन्हं कलली होती. तिचे डोळे ओले, चेहरा फुललेला. माझ्या बोटांना माशांच्या रश्श्याचा वास. आमच्या घरी मासे शिजत नाहीत.

मी काय बोललो? तिला एवढं हसायला येईल असं मी काय बोललो?

२६ डिसेंबर

रोज दुपारी हेच. ती दार लावते. मग काही नाही. मग संध्याकाळ.

आज भानावर येताच विचारलं, कुंता, आपण काय बोललो? तिचं हसू तिथेच विझलं. परक्याकडे बघावं तसं बघितलं. म्हणाली, "तुमी नोको येऊ ना मधात, बाबूजी."

मी म्हटलं, हा हात माझा आहे. हा आवाज माझा आहे.

ती शांतपणे म्हणाली, "फ्लॉपी तुमीच पुसली. मले समजलं होतं. त्याले कुठी तरी राहा लागन ना. तुमीच जागा देल्ली."

तिने माझा हात हातात घेतला होता. मी बोललो तसा सोडला. तो बोलतो तेव्हा सोडत नाही. माझ्याच हाताचा मला हेवा वाटतो — हसू नका — कोण हसणार म्हणा.

२ जानेवारी १९८९

नोकरी सोडतो म्हणून गोपीचंदजींना सांगायला गेलो. तोंडातून वेगळंच निघालं. पगार वाढवा म्हणालो, म्हणे. घरी बाई आहे म्हणालो. ते हसले.

एसटीत बसलो. पवनीचं तिकीट मागायचं — कंडक्टरने विचारलं कुठे — मी तिच्या गावाचं नाव सांगितलं. दोनदा. उतरलो. पाय आपोआप —

ताराबाई आता मला इश्वरबाबू म्हणत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, तुमीच तं नाव बदलवून सांगतलं.

४ जानेवारी

आईचा चेहरा आठवतो. बाबांचा नाही. बाबा काय म्हणाले होते कोर्सबद्दल — वर लिहिलं आहे, वाचून पाहिलं. कोणाचं तरी वाटतं.

तिचं सगळं आठवतं. लग्नात ती कशी दिसत होती. मी तिथे नव्हतो.

अक्षर अजून माझं आहे.

५ जानेवारी

दुपार. मिलमध्ये गेलो नाही. दार आतून लावलं, खाट आडवी टाकली. कुशीत ओला माणूस झोपल्यासारखं —

ती आली आहे. दाराबाहेर. बांगड्या वाजल्या. विधवा ना ती — बांगड्या भरल्या. माझ्यासाठी नाही.

इश्वर. इश्वर. इश्वर. मी इश्वर

तिने हाक मारली. त्या नावाने. किती प्रेमाने — मला एकदा तरी अशी — फक्त एकदा —

ओ नाही द्यायची. दात आवळून धरले आहेत. ती पुन्हा हाक मारते आहे. तोंड उघडतंय. मी नाही, मी नाही ओ दिली, तो —

खाट सरकवतोय माझाच हा