‘पोलादी बगळा’च्या सीलबंद आरोळ्या

प्रति,
मा. अधीक्षक,
ध्वनिचित्र संग्रह विभाग,
प्रसारण कार्यालय, दुसरा मजला.

विषय: ‘पोलादी बगळा’ या युद्धकलेवरील कार्टून मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील आरोळ्यांची फीत सीलमुक्त करून प्रसारणापूर्वी मालिकेस जोडण्याबाबत.

संदर्भ: आपले गेल्या महिन्यातील पत्र. (पत्रावर जावक क्रमांक व शिक्का आहे. अर्थ आढळला नाही.)

महोदय,

१. हे सर्व सन १९८९ मध्ये घडले. आपण तेव्हा बहुधा शाळेत असाल, म्हणून सुरुवातीपासून लिहिते. परदेशातून आलेल्या ‘पोलादी बगळा’ या मालिकेला आपल्या भाषेत आवाज देण्याचे काम आम्हा काही कलाकारांकडे होते. बगळा म्हणजे डोंगरावरच्या मठात युद्धकला शिकणारा पोरगा. त्याचा आवाज माझ्या नणंदेचा. घार म्हणजे त्याची हाडवैरीण. तिचा आवाज माझा. घरी आम्ही दोघी एका ताटात जेवायचो आणि कार्यालयात येऊन एकमेकींच्या जिवावर उठायचो. पहिले पर्व इतके गाजले की रस्त्यातली पोरे मला पाहून घारीसारखे हात पसरून पळत सुटायची. असा मान आपल्या कार्यालयातील कोणत्याही अधिकाऱ्यास आजवर मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२. आमच्या कामाची एक पद्धत होती, ती येथे सांगणे भाग आहे. संवाद आधी ध्वनिमुद्रित होत. मारामारीतल्या आरोळ्या, कण्हणे, धापा टाकणे हे सारे पर्वाच्या शेवटच्या दिवशी, वेगळ्या फितीवर. कारण साधे होते: आरोळ्या ठोकल्यावर गळा बसतो आणि मग पुढे आठवडाभर त्या गळ्यातून संवाद निघत नाहीत. भिंतींना गाद्या ठोकलेली ती बिनखिडकीची खोली, काचेपलीकडे ध्वनिमुद्रक आणि आमच्या शेजारी स्टुलावर बसलेले संवाद दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणत असू. मी सोफ्याची उशी धरून उभी राही आणि नणंद तिच्यावर बुक्के मारी. मग उशी तिच्याकडे आणि बुक्के माझे. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “छे. हिला लागलेलं वाटत नाही. पुन्हा एकदा, आणि या वेळी पोटातून.” इतक्या आनंदाने मार खाल्ल्याचे दिवस आयुष्यात पुन्हा आले नाहीत.

३. दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात एकही संवाद नाही. बगळ्याने मौनाची शपथ घेतली आहे. घार मठाला आग लावते, दोघांची झुंज होते आणि अगदी शेवटी, गुरू पडलेला पाहून, बगळा शपथ मोडतो. मोडतो म्हणजे शब्दाने नव्हे. एक आरोळी देतो. ती आरोळी नणंदेने पहिल्याच वेळी दिली. मास्तरांनी डोळे उघडले आणि “पुन्हा एकदा” म्हटले नाही. ध्वनिमुद्रकाने काचेपलीकडे कानांवरचे हेडफोन काढून खाली ठेवले. त्या आरोळीनंतर नणंदेचा गळा पार बसला, पण चेहरा असा उजळला होता की मी तिला म्हटले, “अगं, आता गप्प राहा, सगळा आवाज आजच संपवशील.”

४. आता आपल्या कार्यालयाचा पराक्रम. प्रसारणाची तारीख आधीच जाहीर झाली होती. तत्कालीन संचालकांना दम धरवला नाही आणि आरोळ्यांची फीत संवादांत मिसळण्यापूर्वीच त्यांनी पर्व सुरू केले. परिणामी घराघरांत लोकांनी पाहिले ते असे, की दोन माणसे एकमेकांना भिंतीवर आपटत आहेत आणि हूं की चूं नाही. लोकांना वाटले, संच बिघडला. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांची चंगळ झाली. आमच्या शेजारीणबाई जिन्यात गाठून म्हणाल्या, “काय हो, हे लोक मारामारी करतायत की एकमेकांचे कपडे झटकतायत?” यावर चूक कबूल करण्याऐवजी संचालकांनी पत्रक काढले की, हा ‘संयमित युद्धकलेचा नवा आविष्कार’ आहे. शेवटचा भाग त्यांनी लावून पाहिला; त्यात तर संवादही नसल्यामुळे काहीच ऐकू येईना. फीत कोरी आहे असे ठरवून त्यांनी त्या जागी बटाट्यावरील करपा रोगाचा माहितीपट दाखवला. पर्व तेथेच गुंडाळले गेले. बगळ्याचे पुढे काय झाले, हे आजतागायत कोणी पाहिलेले नाही.

५. आरोळ्यांची फीत तोवर कपाटात पडून होती. डब्यावर आम्ही फक्त तारीख टाकली होती, कारण आम्हा सगळ्यांना ती पाठ होती. संवादांत मिसळण्याआधी इतर कोणी ती फीत ऐकेल असे मनातही आले नाही. भांडारपालांनी ती ऐकली. बायकांचे किंचाळणे, धपाधप बुक्के, कण्हणे. ते पांढरेफटक होऊन वर धावले. तीन सदस्यांची समिती नेमली गेली: एक लेखाधिकारी, एक उद्यान अधीक्षक आणि आस्थापना शाखेतील एक बाई, ज्यांना केवळ बाई म्हणून घेतले होते. या तिघांनी दारे लावून अख्खी फीत ऐकली आणि अहवाल दिला. त्यातील एक वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘सदर फितीत एक स्त्री दुसरीस निर्दयपणे मारहाण करीत असून एक पुरुष “पुन्हा एकदा, आणि या वेळी पोटातून” अशी चिथावणी देत असल्याचे स्पष्ट ऐकू येते.’ मालिका त्याच इमारतीतून प्रसारित होत होती. तिघांपैकी एकानेही ती पाहिली नव्हती. मारहाण करणारी मी, पीडिता माझी नणंद, चिथावणीखोर मास्तर. पुरावा म्हणून फितीला लाखेचे सील लागले.

६. आपण विचाराल, मग नणंदेने तेव्हाच का सांगितले नाही? समितीने तिला फीत ऐकल्याच्या दुसऱ्याच दिवशी बोलावले. त्या आरोळीने बसलेला तिचा गळा अजून उघडला नव्हता; या खेपेस आठवडाभराने भागले नव्हते. ती खुणा करत राहिली, हातवारे करून बुक्के आणि उशी दाखवत राहिली. समितीने नोंद केली: ‘पीडिता भीतीमुळे बोलू शकत नाही. हातवाऱ्यांवरून मारहाणीचे स्वरूप गंभीर दिसते.’ तिचा आवाज परत आला तेव्हा समितीची मुदत संपली होती. चौकशी संपली नव्हती. हा फरक आपल्याच कार्यालयास समजू शकतो. घरी मात्र बातमी बरोबर पोचली. सासूबाईंनी मला समोर बसवून विचारले, “बाई गं, घर पुरत नव्हतं का, की कचेरीत नेऊन मारलीस?” माझे यजमान पेपरमधून डोके न काढता म्हणाले, “मला तर घरात कधी आवाज आला नाही.” नणंद हसून हसून खुर्चीवरून पडली. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी तेही माझ्याच खात्यावर टाकले. अजून काही घरांत मी मारकुटी भावजय म्हणूनच ओळखली जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मूर्खांचे मत बदलण्याची हौस मला तेव्हाही नव्हती.

७. तक्रार आजची आहे. दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली व स्वरयंत्र काढावे लागले. आता ती पाटीवर लिहून बोलते. अलीकडे डॉक्टर पुढच्या तपासणीसाठी महिन्याने नव्हे, आठवड्याने बोलावतात. अशात आपण जाहीर केले की दुसरे पर्व शेवटच्या भागासह, ‘मूळ आवाजांत’, पुढील महिन्यात दाखवले जाईल. तिने ही जाहिरात कापून उशाशी ठेवली. मग टीव्हीवर नमुना दाखवण्यात आला. बगळा झेपावला, तोंड उघडले आणि आतून असा काही आवाज आला, जसा जिना चढून आलेला माणूस खुर्चीत बसताना काढतो. नणंदेने पाटीवर लिहिले, “हा कोण दमेकरी?”

८. आम्ही दोघी आपल्या कार्यालयात आलो. खिडकीवर बसलेल्या लिपिकाने आम्हाला समजावले, “आजी, फीत सीलमध्ये आहे. म्हणून आवक-जावकच्या मुलांकडून आरोळ्या करून घेतल्या कॅन्टीनमध्ये. आणि आरोळीत काय एवढं असतं? हा काय, हू काय.” नणंदेने पाटी त्याच्यासमोर धरली: “मग तूच कर की.” तो खूश होऊन म्हणाला, “अहो, मीच तर केलाय बगळा!” आणि रांगेतल्या लोकांदेखत त्याने करूनही दाखवला. नणंदेने पाटी पुसली, शांतपणे लिहिले, “छातीचा फोटो काढून घे,” आणि आम्ही घरी आलो.  तेथे तिने एकच ओळ लिहिली: “वहिनी, मला ती एकदा ऐकायची आहे.” एवढीच तिची मागणी आहे. ती मी आपल्यापुढे मांडली.

९. त्यावर आपले संदर्भीय पत्र आले. आपण लिहिता की चौकशी प्रलंबित असल्याने फीत देता येत नाही. ती संपवण्यासाठी पीडितेने समक्ष हजर राहून तोंडी जबाब द्यावा. मी शल्यचिकित्सकांचा दाखला पाठवला. आपण कळवले की लेखी जबाब ग्राह्य नाही, कारण पीडिता आरोपीच्या घरी राहत असल्यामुळे तो दबावाखाली लिहिलेला असू शकतो. म्हणजे जिला स्वरयंत्र नाही तिने बोलावे, आणि जिला लिहिता येते तिने लिहू नये. या मजकुरावर आपण शुद्धीवर असताना सही केली, असे गृहीत धरून पुढे लिहिते. उरलेले सर्व साक्षीदारही आपण हजर करण्यास सांगितले आहेत. त्यांची सद्यस्थिती अशी:

तत्कालीन संचालक बढती मिळून निवृत्त झाले. ‘शांततेचा आवाज’ या नावाने ते व्याख्याने देतात. ऐकायला कोणी जात नसल्यामुळे नाव सार्थ आहे.

लेखाधिकारी वारले. उद्यान अधीक्षकांना आता ऐकू येत नाही. त्यांच्या सुनेच्या मते त्यांना पूर्वीही येत नव्हते. आस्थापना शाखेतील बाई मुलाकडे राहतात. मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, मला तेव्हाच वाटलं होतं की ते नाटक असणार. पण दोघांनी सह्या केल्या, मग मी एकटी कशाला वाईटपणा घेऊ?”

भांडारपालांनी नोकरी सोडून लग्नाच्या मंडपांना ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा धंदा काढला. कानठळ्या बसवण्यात ते आता पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत.

ध्वनिमुद्रक मुलीकडे परदेशी गेले आणि तिथेच गेले. मास्तर चौकशी सुरू असताना कामाच्या यादीतून वगळले गेले ते कायमचे. पुढे शाळेत कवायत शिकवत. शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला आम्ही गेलो, तेव्हा नणंदेकडे बघून म्हणाले, “ती एक आरोळी कोणीच ऐकली नाही गं.” त्यांना साक्षीसाठी कोठून आणावे, हे आपण कळवावे.

पीडिता हयात आहे. आतल्या खोलीत खिडकीशी बसते. तिला आपली दया नको आहे.

आरोपी क्रमांक एक, म्हणजे मी, हयात आहे. वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे सोडल्यास प्रकृती उत्तम.

१०. आपल्या पत्राच्या पाठीमागे नियम छापले आहेत. ते छापणाऱ्यानंतर बहुधा मीच प्रथम वाचत आहे. त्यात म्हटले आहे की आरोपीने लेखी कबुली दिल्यास चौकशी बंद करावी, आरोपीचे नाव कलाकारांच्या यादीतून व श्रेयनामावलीतून वगळावे आणि पुरावा मूळ विभागास तत्काळ परत करावा. आरोपीच्या लेखी जबाबावर दबाव असू शकतो, अशी शंका नियमांनी घेतलेली नाही. सबब मी, शुद्धीवर असताना, कबूल करते की सन १९८९ मध्ये आपल्या इमारतीतील गाद्यांच्या खोलीत मी माझ्या नणंदेस निर्दयपणे मारहाण केली. कारण विचारल्यास ‘स्वभाव’ असे नोंदवावे. मास्तरांनी चिथावणी दिली नाही. आरोपींमधून त्यांचे नाव काढून टाकावे. घारीचे काम मी केले होते व ते चांगले केले होते, हे मला ठाऊक आहे. त्या नावासमोर आता जागा कोरी ठेवावी. त्या लिपिकाचे नाव तेथे घालू नये.

११. ही कबुली लिहीत असता नणंदेने माझ्या हातातून पेन ओढून बाजूला ठेवले आणि पाटीवर लिहिले, “वेड लागलंय का तुला? इतकी वर्षं काढलीस, आता कशाला माझ्यासाठी नाव घालवतेस?” मी म्हटले, “तू गप्प बस.” शब्द तोंडातून गेल्यावर मला कळले मी काय बोलले ते. आम्ही दोघीही हसलो. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, फक्त खांदे हलतात.

तरी विनंती की, वरील कबुली दाखल करून चौकशी बंद करावी, फितीचे सील फोडावे, कॅन्टीनमधील आरोळ्या कॅन्टीनला परत कराव्यात आणि शेवटच्या भागातील आरोळी तिच्या जागी बसवावी. फीत तपासताना दारे-खिडक्या घट्ट बंद असतील याची दक्षता घ्यावी. नाहीतर ती ऐकून कोणीतरी धावत वर येईल, नवी समिती नेमली जाईल, आणि तितके दिवस आमच्या घरी नाहीत.

नम्रता येथवर पुरवलेली,
(स्वाक्षरी)
‘पोलादी बगळा’मधील घार

दिनांक: ४ मार्च २०२५

सोबत: (१) आपल्या पत्राची प्रत, मागील बाजूसह. (२) शल्यचिकित्सकांचा दाखला, तिसऱ्यांदा. (३) कबुलीजबाबाची स्वतंत्र स्वाक्षरीत प्रत. साक्षीदार म्हणून पीडितेने सही केली आहे. ती ग्राह्य नसल्यास खोडावी.