कुरासावला बुडण्याआधी

ती. मामांस,

डब्लिनच्या ओंगारहून उल्हासचा साष्टांग नमस्कार (कंबरेला पट्टा असल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी मेथीचे लाडू केले, की अजून नुसती धमकीच चालू आहे? आम्ही तिघंही सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण ऑक्टोबरनंतर तो लिहायला मी असेन की नाही, सांगता येत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमचा फोन मामी उचलतात आणि ऐकलेलं सगळं तुमच्या भाचेसुनेला, म्हणजे वीणाला, सांगतात.

त्याचं असं झालं. संक्रांतीला आमच्याकडे डॉक्टर रणजित तिळगूळ घ्यायला आले होते. हे मूळचे मिरजेचे भूलतज्ज्ञ, आता इथल्या लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलात असतात, आणि एकदा तारकर्लीला पाण्याखाली जाऊन आल्यापासून स्वतःला समुद्राचे जावई समजतात. ते म्हणाले, यंदा कुरासावला जाऊ या, डायव्हिंग करू या. (हे कॅरिबियन समुद्रातलं बेट आहे. मला ते दारूचं नाव वाटलं होतं, आणि चौकशीअंती दारूही त्या नावाची निघाली.) त्यावर वीणा म्हणाली, "जाऊ या की." मामा, आपल्या माणसांत 'जाऊ या की' म्हणजे जेवणानंतरची बडीशेप. आपण कधीपासून काशीला जाऊ या म्हणतोय, कोणी पिशवी तरी भरली का? पण या माणसाने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर गट काढून त्याला 'खोल पाण्यात' असं नाव दिलं, आणि वीणाने त्यावर अंगठा दाखवला. नाइलाजानेच दाखवला असणार.

तेव्हापासून आमच्या घरी रविवारी बैठका होतात. समुद्र हा विषय त्यात फारसा निघत नाही. पहिल्या बैठकीत भाजणी किती न्यायची हे ठरलं. दुसरीत, पाण्यात उतरण्याआधी पोहे खावेत की उपमा, यावर मतभेद होऊन बैठक पोहे खाऊन तहकूब झाली. डॉक्टरांच्या सौ. वैदेहीवहिनी छोटा कुकर नेणार आहेत, कारण बेटावर भात मिळेल, पण तो आपला नसेल. मी काही शंका काढली की डॉक्टर म्हणतात, पाण्याखाली करायचं काय, तर फक्त श्वास घेत राहायचं. ते तर मी ओंगारमध्येही बिनचूक करत होतो, त्यासाठी महासागर कशाला ओलांडायचा?

माझं आणि पाण्याचं नातं तुम्ही जाणताच. लहानपणी तुम्ही पाठीला डबा बांधून मला विहिरीत सोडलं होतंत. डबा उत्तम पोहला. तरी सराव हवा म्हणून मे महिन्यात डॉक्टरांनी आम्हाला डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर नेलं. आयर्लंडमधला मे म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा. गाडीमागे उभं राहून तो रबरी पोशाख चढवताना माझी कंबर धरली (पट्ट्याची हकीकत ती ही). मी अर्धा आत, अर्धा बाहेर अशी लंगडी घालत असताना सत्तरीच्या एक आजीबाई साध्या कपड्यांत पोहून खुशाल बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "यू'ल बी ग्रँड, लव्ह." ग्रँड म्हणजे इथे 'ठीक'; या देशात पाऊसही ग्रँड आणि मोडलेला हातही ग्रँड, त्यामुळे मी वाचेन की नाही याचा त्यावरून अंदाज येईना. मी गुडघाभर पाण्यात तोंड बुडवलं, नळीवाटे निम्मा आयरिश समुद्र प्यायलो आणि बाहेर आलो. आमची शर्वाणी टॉवेलात गुंडाळून बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या वळणाच्या इंग्रजीत येतं: "बाबा, आय'म नॉट गेटिंग इन दॅट." पोरीला बापाची अक्कल मिळाली आहे.

वीणा मात्र आत गेली ती येईचना. हाका मारल्या, शिऱ्याचा डबा उघडलाय असं ओरडून सांगितलं, तरी ही आपली तोंड खाली घालून तरंगतेय, मध्येच पाय वर करून आत शिरतेय. शेवटी आली तेव्हा ओठ निळे पडले होते आणि हसत होती. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून बिचारी किती सोसते! घरी येताना गाडीत एक शब्द बोलली नाही. माझा जीव अगदी तुटला, मामा. तिला यातून सोडवणं हे नवरा म्हणून माझं कर्तव्यच आहे.

मग सरळ नाही का म्हणत नाहीस, असं तुम्ही विचाराल. ऑक्टोबरची तिकिटं काढून झाली, आणि 'उल्हास डायव्हिंगला निघाला' ही बातमी इथल्या गणपती मंडळात आरतीसारखी फिरली. आता बाप पाण्याला भ्यायला, हे शर्वाणी पुढे माझ्या व्याह्यांनाही सांगेल. माघार घ्यायची तर कारण घरचं, मोठं आणि पवित्र हवं.

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
उल्हास (अजून कोरडा)

ता. क. तुमचं सहस्रचंद्रदर्शन पुढल्या वर्षी आहे. ते या ऑक्टोबरातच उरकता येईल का? चंद्र थोडे कमी पडतील, पण मोजायला कोण बसलंय? गुरुजींना म्हणावं, अधिक महिने जरा सढळ हाताने धरा. आणि भाच्याने सहकुटुंब यायलाच हवं, असं मामींकडून वीणाला कळवा. माझं नाव नको.

ता. क. २. पोस्ट वीणाच्या वाटेवर आहे, म्हणून पत्र तिच्याकडे देतोय. पाकीटही तीच चिकटवेल. दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतली ती नव्हे.

ता. क. ३. ती. मामा, वीणाचा नमस्कार. वाचलं. कार्यक्रम ऑक्टोबरात जरूर करा. उल्हास आणि शर्वाणी येतील, त्यांची तिकिटं मी बदलून देते. माझं तेवढं राहू दे. 'जाऊ या की' हे मी मनापासून म्हटलं होतं. खाली कुणाचीही हाक ऐकू येत नाही, मामा. लग्नानंतर इतकं शांत मला कधीच वाटलं नव्हतं, आणि ते मोडू नये म्हणून मी गाडीत गप्प होते. ही दोघं तुमच्याकडे सांगलीला पोचली की मला फोन करायला सांगू नका. मी पाण्यात असेन.