गुरुवारची नर्सबाई

गुरुवार, दिवेलागण

आज परत तेच. अर्धांगाने पडलेल्या सासूबाई माझ्या हातची पेज थुंकतात, आणि दर गुरुवारी पोलादपूरहून येणाऱ्या नर्सबाईंनी चमचा धरला की वाटी रिकामी. वर मला ऐकवतात, "हिच्या हाताला चव हाय गो." पेज मी केलेली, आणि चव तिच्या हाताला?

नर्सबाईंनी वही काढून विचारलं, घरात कोण कोण असतं, रात्री कोण उठतं, कूस कोण बदलतं. मी "सगळं ठीक आहे" म्हणत भांडी आपटत होते. सासूबाईच बोलल्या, "हीच करते सगळा. माझा पोरगा कंपनीतून येऊन नुसता झोपतो."

बाईंनी वही मिटली. "ताई, तुम्ही आज जेवलात का?"

तीन वाजले होते. मला आठवेना.

त्यांनी मला खाली बसवलं आणि पातेल्यातली पेज वाढली. सासूबाई पडल्यापासूनच्या या चार महिन्यांत मला कुणी वाढलं नव्हतं. खरंच चव होती त्यांच्या हाताला.

दोन घास झाले नाहीत तोच आतून हाक, "नर्सबाय, कुठं गेलीस गो?" बाई उठून गेल्या.

म्हातारीला जरा धीर नाही. गुरुवार काय तिच्या एकटीचा आहे?