चोवीस पंजे

३१ जानेवारी १९९४, बर्लिन

झाले ते असे:
१. चोवीस उंदरांच्या एकेका पंजाला सूज आणली.
२. त्यात अर्ध्यांना मिठाचे पाणी टोचले, अर्ध्यांना नालोक्झोन. जखमेत शरीर स्वतःची अफू तयार करते. नालोक्झोन त्या अफूला अडवते. कोणत्या सुईत काय, ते फक्त माझा सहकारी डेटलेफ याला माहीत.
३. पंजे पाण्याच्या नळीत बुडवून, पाणी किती चढते त्यावरून मी सूज मोजली.
४. डेटलेफने यादी उघडली. नालोक्झोनवाले पंजे जास्त सुजलेले.

म्हणजे ती अफू नुसते दुखणे शमवत नाही, सूजही आवरते. आमच्या प्रयोगशाळेत हे प्रथम मला दिसले.

१ फेब्रुवारी

प्राध्यापक ल्यूडेकेंनी परिषदेला निबंध आधीच पाठवलाय – त्या अफूचा परिणाम फक्त दुखण्यावर, सुजेवर नाही.

"फ्राउ टीडेमान, तुम्हाला हवं तेच दिसतंय. पुन्हा करा. या वेळी सुया मी भरतो."

"भरा," म्हटले.

८ फेब्रुवारी

फरक नाही. चोवीसही पंजे सारखेच सुजलेले. दोनदा मोजले. तरी नाही.

डेटलेफ शेजारी सफरचंद खात उभा. "अगं, चार पंजे जरा खोल बुडव की. पाणी चढेल वर. कोण बघतंय?"

"मी."

"मग बस तुझा खरेपणा कुरवाळत."

कागदावर 'फरक नाही' लिहून सही केली. सायकल घरापर्यंत ढकलत नेली. चालवावीशी वाटेना.

१० फेब्रुवारी

ल्यूडेकेंनी त्यांची यादी सगळ्यांसमोर उघडली. चोवीसही सुयांत मिठाचे पाणी! नालोक्झोन नव्हतेच.

"तुमची नजर तपासायची होती," ते म्हणाले. "यातही फरक सापडला असता, तर पहिला निकाल फेकून दिला असता." मग, "मोजता चांगलं."

मी मान हलवली. जिन्यात पोचेपर्यंत चेहरा जागेवर ठेवला. कालपर्यंत तो 'फरक नाही'चा कागद बघवत नव्हता. आज तीनदा वाचला.

डेटलेफ मागून आला. "हस की जरा. म्हातारा हरला."

"निबंध बदलणार नाहीत म्हणाले. एकदाच दिसलंय म्हणे."

"मग काय करणार?"



११ फेब्रुवारी

त्यांच्या टेबलावर ठेवलेली चिठ्ठी, जशीच्या तशी:

'तिसरी फेरी घ्यावी. सुया मी भरेन, यादी माझ्याकडे राहील. पंजे तुम्ही मोजावेत. होय की नाही, ते शुक्रवार, १८ तारखेपर्यंत कळवावे, ही विनंती. – इम्के टीडेमान'